मऊ दाढी, बोथट वस्तरा

दाढीच्या केसापेक्षा वस्तऱ्याचे पोलाद सुमारे ५० पट कठीण. तरी बोथट होतो तो वस्तराच! अमेरिकेतील ‘एमआयटी’च्या संशोधकांनी २०२० मध्ये साध्या रेझरच्या पात्यांवर याचे कारण शोधले. धार नुसती झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस वाकून पात्यावर तिरका दाबला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची अंतर्गत रचना असमान असली, की टवका निघतो.

वस्तऱ्याने घरी दाढी करण्याची हौस लागली, की वस्तरे, ब्रश, साबणाची वाटी अशी खरेदी सुरू होते. खरे तर पहिला खर्च चामड्याच्या पट्ट्यावर करावा. दर दाढीआधी वस्तरा त्यावर पाठ पुढे ठेवून ओढला, की धार सरळ होते. धार पुढे ठेवली तर पट्टाच कापला जातो. केस कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजवले, तर जोर कमी लागतो. कातडी ताणून, पाते साधारण ३० अंशांत धरून, केसांच्या दिशेनेच फिरवावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

हौशी मंडळी आपसात वस्तरे बदलतात, ते मात्र धोक्याचे. हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकतो. वस्तरा उकळावा, तर शिंगाची मूठ वाकते. तुरटीने रक्त थांबते. विषाणूसाठी तिच्यावर भिस्त नको. सलूनमध्ये ‘पाते नवे लावा’ म्हणून बजावणारा माणूस मित्राचा वस्तरा बिनधास्त गालाला लावतो!