बॉम्बने घर गेले, काम थांबले नाही

१९४० सालच्या सप्टेंबरपासून जर्मन विमाने लंडनवर रात्रीमागून रात्र बॉम्ब टाकत होती. शिल्पकार हेन्री मूर तेव्हा बेचाळिशीत होते. हॅम्पस्टेडमधल्या मॉल स्टुडिओजमध्ये ते पत्नी इरिना यांच्यासह राहत आणि कामही तिथेच करत. त्या शरद ऋतूत दोघे हर्टफर्डशरमधल्या पेरी ग्रीन या खेड्यात मित्राकडे दोन दिवस गेले होते. परत येऊन पाहतात, तर जवळच पडलेल्या बॉम्बमुळे घर राहण्याजोगे उरले नव्हते.

घरातच स्टुडिओ असलेल्या कलावंताला असा फटका दुहेरी बसतो. डोक्यावरचे छप्पर जाते आणि रोजीरोटीही अडते. मूर पुन्हा पेरी ग्रीनला गेले. तिथल्या ‘हॉगलंड्स’ या जुन्या शेतघराचा अर्धा भाग त्यांनी भाड्याने घेतला. पुढे सगळे घर विकत घ्यायची संधी आली, तेव्हा एल्मच्या लाकडात कोरलेली त्यांची ‘रिक्लायनिंग फिगर’ कामी आली. चित्रकार गॉर्डन ऑन्स्लो फोर्ड यांनी ती ३०० पौंडांना घेतली आणि त्या पैशांतून घराचा पहिला हप्ता भागला. ते शिल्प आज डेट्रॉइटच्या संग्रहालयात आहे.

मोठी शिल्पे कोरायची सोय मात्र त्या काळात नव्हती. मूर यांनी कागद हाती घेतला.

हवाई हल्ल्यांपासून जीव वाचवायला लंडनकर भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपत. मूर तिथे जात, माणसांच्या दाटीत फिरत. पण लोकांसमोर वही उघडून चित्र काढणे त्यांना प्रशस्त वाटत नसे. एखाद-दुसरे टिपण करून ते घरी परतत आणि आठवणीतून रेखाटत. आधी कागदावर मेणाचा खडू फिरवायचा, मग वरून जलरंगाचा हात द्यायचा. मेणावर रंग धरत नाही, त्यामुळे अंधारातून पांघरुणांच्या घड्या आणि निजलेली शरीरे उजळून दिसतात. केनेथ क्लार्क यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या सरकारी युद्धकला समितीने ही चित्रे विकत घेतली आणि मूर यांना आणखी काम दिले. दगडातून आकार काढणारा हा माणूस रेखाटनांमुळे सामान्य ब्रिटिश माणसाच्या ओळखीचा झाला.

१९४३-४४मध्ये नॉर्दॅम्प्टनच्या सेंट मॅथ्यू चर्चसाठी ‘मॅडोना अँड चाइल्ड’ घडवताना मूर पुन्हा दगडाकडे वळले. १९८६मध्ये निधन होईपर्यंत पेरी ग्रीन हेच त्यांचे घर होते. भोवतालच्या जमिनीवर एकेक करत अनेक स्टुडिओ उभे राहिले.

मूर यांची जिद्द मोठी होतीच, पण तिला आधार मिळाला तो वेळेवर मिळालेल्या निवाऱ्याचा, एका शिल्पाच्या विक्रीचा आणि मोबदला मिळणाऱ्या कामाचा. आपल्या ओळखीतल्या एखाद्या कलावंताच्या घरात पाणी शिरले किंवा आग लागली, तर नुसते सांत्वन करून थांबू नये. काम करायला एखादी रिकामी खोली द्यावी आणि जमेल त्याने त्याची एखादी कलाकृती विकत घ्यावी.