आमचाच फोटो आमच्यापुढे

1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग आमच्यासारखे छोटे व्हेंडर पत्र्याच्या शेडमध्ये येऊन बसले. ड्रॉइंग कस्टमरचं, डाय आमची. माप बसलं, माल गेला, बिल पास झालं की विषय संपला. वस्तूचं रूप कुणाच्या मालकीचं, हा प्रश्न पहिली पंधरा वर्षं कुणी काढलाच नाही.

तेव्हा 1911 चा इंग्रजी अमदानीतला कायदा चालू होता. डिझाइन भारतात आधी प्रसिद्ध झालेलं नसलं, की नोंदणीचा रस्ता मोकळा. 2000 चा डिझाइन कायदा 11 मे 2001 पासून लागू झाला आणि हे कुंपण गेलं. अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेही, छापून, वापरून किंवा ‘इतर कोणत्याही प्रकारे’ लोकांसमोर आलेलं रूप नवं राहिलं नाही. या शेवटच्या तीन शब्दांनी आमचा घात केला. ते पुढे सांगतो.

डाय बनवणाऱ्यांनी 2008 चा भारत ग्लास ट्यूब विरुद्ध गोपाल ग्लास वर्क्स हा निकाल वाचावा. काचेवर नक्षी उमटवणारे रोलर जर्मनीतून आलेले. प्रतिपक्ष म्हणाला, मग नक्षी जुनीच. सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, ती आधी काचेवर उमटल्याचा पुरावा कुठाय? तो नव्हता, नोंदणी टिकली. नवेपण बघायचं ते वस्तूवर. रोलर कधीचा का असेना.

2014 चा निकाल आमच्या जिल्ह्याशी नातं सांगणारा. पैठण रोडवर चितेगावला नोंदणीकृत कार्यालय असलेल्या व्हिडिओकॉनवर व्हर्लपूलने वॉशिंग मशीनच्या आकारावरून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. व्हिडिओकॉनकडे स्वतःची डिझाइन नोंदणी होती. तरी मनाई हुकूम मिळालाच. ‘सर्टिफिकेट आहे ना, मग भ्यायचं कशाला’ असं म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ होते. ते त्यानंतर जरा गप्प झाले.

आता आमची गोष्ट. 2019 मध्ये आम्ही पहिल्यांदा स्वतःचं काही घडवलं: मोटरसायकलचा साडीगार्ड. सळईला पैठणीवरच्या मोराच्या मानेसारखं वळण दिलेलं. वेल्डरने ते तीनदा तोडून चौथ्यांदा जमवलं. त्या आनंदात फोटो डीलरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, एका प्रदर्शनात स्टॉलवर नगही मांडला. कोलकात्याच्या डिझाइन कार्यालयात अर्ज गेला तो दीड महिन्याने. नोंदणी झाली, कारण तपासणाऱ्याला तो फोटो दिसायचं कारणच नव्हतं. वर्षभरात नक्कल आली. आम्ही नोटीस पाठवली, तर समोरच्या वकिलाने उत्तरात आमचाच फोटो लावला, तारखेसकट. 2000 च्या कायद्याचं कलम 22 त्याला तेवढी मुभा देतं: ज्या कारणावर नोंदणी रद्द होऊ शकते, तेच दाव्यात बचाव म्हणून चालतं.

प्रदर्शनासाठी कलम 21 मध्ये सवलत आहे, सहा महिन्यांची. पण ते प्रदर्शन केंद्र सरकारने अधिसूचित केलेलं हवं आणि मांडण्याआधी कंट्रोलरला कळवायला हवं. स्टॉलचं भाडं भरताना हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ज्या देशात एका सळईच्या दुकानाने आधी गिऱ्हाईक बघायचं असतं, तिथे ही अट मला आजही जाचक वाटते.

दावा आम्ही केला नाही. साडीगार्ड अजून विकतो, शेजारी त्याची नक्कलही विकली जाते. नव्या नमुन्याचा आता आधी अर्ज जातो. पावती आली की मगच ग्रुपवर फोटो पडतो.