मिनी ट्रॅक्टरसाठी जुना कोठा: दार रुंद करण्यापूर्वी

दिल्लीच्या आसपास नजफगढ, सोनीपत, बागपत या भागांतील गावांत घरापासून काहीसा दूर ‘घेर’ असतो. जनावरे, गोवऱ्या आणि भुसा यांची ती जागा. बैल गेले आणि पंधरा-वीस अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आला, की त्याच्यासाठी घेरातील भुशाचा जुना कोठा मोकळा केला जातो. नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यातही जुन्या गोठ्यांचा असाच उपयोग होतो. गवंडी दाराचे माप घेतो आणि भिंत फोडू लागतो. कीटकशास्त्राच्या दृष्टीने मात्र पहिली पाहणी दारावरच्या तुळईची व्हावयास हवी.

वाळवी लाकूड आतून पोखरते आणि बाहेरचा पापुद्रा तसाच ठेवते. उत्तर भारतात हेटरोटर्मिस इंडिकोला ही जाती इमारतीतील लाकडाची मोठी शत्रू आहे. वरून धडधाकट दिसणारी तुळई छताचा भार कशीबशी पेलत असते. दारालगतची भिंत काढताच तिचा आधार जातो आणि छत खाली येऊ शकते. म्हणून स्क्रू-ड्रायव्हरने तुळई व वासे, विशेषतः भिंतीत शिरणारी त्यांची टोके, ठोकून आणि टोचून पाहावीत. पोकळ आवाज आणि भिंतीवरचे मातीचे बोगदे ही वाळवीची खूण होय. खाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा समजावा. त्याचा उपाय वेगळा असतो. तुळई पोखरलेली असल्यास छताला आधी टेकू द्यावेत, मगच भिंतीला हात लावावा. नवी तुळई लोखंडी किंवा काँक्रीटची घ्यावी व जाणकाराच्या सल्ल्यानेच बसवावी.

बांधलेल्या इमारतीतील वाळवी-प्रतिबंधासाठी भारतीय मानक 6313 चा तिसरा भाग उपलब्ध आहे. फरशी व भिंत यांच्या सांध्यालगत सुमारे 30 सेंटिमीटरवर छिद्रे पाडून त्यांत द्रावण सोडतात. क्लोरपायरीफॉस 20 ईसी वापरल्यास एक लिटर औषधास 19 लिटर पाणी, म्हणजे एक टक्का तीव्रता. जवळ विहीर वा हातपंप असल्यास हे काम टाळावे आणि बाधित लाकूडच बदलावे. लाकडाला जळालेले ऑइल फासण्याची पद्धत सर्वत्र दिसते. ट्रॅक्टरच्या खोलीत ती मला मुळीच पसंत नाही, कारण ते लाकूड उद्या पेटायला सोपे होते. त्याच कारणास्तव अर्ध्या कोठ्यात भुसा आणि अर्ध्यात ट्रॅक्टर ही काटकसरही नको.

यानंतरची पाहुणी म्हणजे कुंभारीण माशी. सेलिफ्रॉन वंशाची ही गांधीलमाशी चिखलाची घरटी बांधते व त्यांत कोळी साठवते. तिच्या काही भाऊबंद जाती तयार छिद्रेच मातीने लिंपतात. 6 फेब्रुवारी 1996 रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधून निघालेले बर्गनएअरचे विमान कोसळून 189 जण दगावले. विमानाचा वेग मोजणारी नळी अशाच माशीच्या घरट्याने बुजली असावी, हा चौकशीतील प्रबळ तर्क होता. ट्रॅक्टरमध्ये सायलेन्सरचे तोंड, हायड्रॉलिकच्या मोकळ्या जोडण्या आणि हवेची बारीक छिद्रे या जागा तिला सोयीच्या. दिवसा दार उघडे राहतेच, त्यामुळे खिडकीच्या जाळीवर विसंबू नये. सायलेन्सर व जोडण्यांना टोपणे घालावीत आणि यंत्र सुरू करण्यापूर्वी सायलेन्सरचे टोपण आठवणीने काढावे. हवेची छिद्रे मात्र बुजवू नयेत. ती दर आठवड्यास तपासून स्वच्छ करावीत.

उंदरांना वायरिंगचे वेष्टन कुरतडण्यास सहा मिलिमीटरहून थोडी मोठी फट पुरते. दाराखाली पत्र्याची पट्टी आणि वरच्या झरोक्यांना सहा मिलिमीटरची लोखंडी जाळी बसवावी. झरोके बंद मात्र करू नयेत. दिल्लीच्या हिवाळ्यात पहाटे थंड लोखंडावर दव साचून गंज चढतो, शिवाय डिझेलचा धूरही बाहेर जावयास हवा.

दाराचे माप ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडून घ्यावे. उंची उभ्या सायलेन्सरसह मोजावी. दिल्लीत मोसमी पाऊस साधारणतः 27 जूनच्या सुमारास पोहोचतो आणि पहिल्या सरींनंतर वाळवीचे पंखधारी किडे दिव्याभोवती दिसू लागतात. तुळईची पाहणी त्यापूर्वीच, मे महिन्यात उरकावी.