रंगीत लाकडाला पॉलिश कोणते?

कापडाच्या धंद्यात गिऱ्हाईक पहिला सवाल करते, "रंग पक्का आहे ना?" तेच गिऱ्हाईक फर्निचर घ्यायला गेले की चकाकी पाहते आणि रंगाबद्दल विचारायचे विसरते. मीही विसरलो होतो.

काही वर्षांपूर्वी माढ्यातील आमच्या दुकानासाठी मी पडौकचे काउंटर करून घेतले. नुकताच रंधा मारलेला पडौक डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल दिसला आणि मी जादा पैसे मोजले. दोन उन्हाळ्यांत दर्शनी बाजू तपकिरी झाली. कापडाच्या गठ्ठ्यांखालची जागा तेवढी लाल राहिली. मिस्त्रींना बोलावून म्हणालो, "रंग कच्चा निघाला." ते म्हणाले, "शेठ, तुमचा तागा दोन वर्षं उन्हात टांगला तर काय होतं?" माझ्याकडे जबाब नव्हता.

पडौकचा लाल, हेदूचा पिवळा, शिसवाची जांभळी झाक हे सारे रंग उजेडाने आणि हवेने बदलतात. कोणतेही पॉलिश हा बदल कायमचा थांबवत नाही. ऊन रोखणारी द्रव्ये घातलेले वॉर्निश तो फक्त लांबवते. म्हणून पॉलिश निवडण्याआधी वस्तू कोठे ठेवणार आणि तिचा वापर कसा होणार, हे गिऱ्हाइकाला विचारावे.

जवसाच्या तेलाने रेषा खुलतात आणि रंग गडद होतो. पण हेदूचा उजळ पिवळेपणा त्याने कमी होतो आणि पाण्यापासून बचावही थोडाच मिळतो. शिसवात स्वतःचे तेलकट द्रव्य असते, म्हणून त्यावर हे तेल लवकर सुकत नाही. एक खबरदारी जरूर घ्यावी. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग करून ठेवला तर तो आपोआप तापून पेटू शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात. शेजारी कापडाचे दुकान असेल तर जास्तच जपावे.

लाखेचे पॉलिश शिसवाला शोभते. १ लिटर स्पिरिटमध्ये १०० ते १२० ग्रॅम चपडा विरघळवून पातळ हात द्यावेत. त्याची दुरुस्ती सोपी असते, पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरा डाग पडतो. पडौकवर ते बोळ्याने लावताना स्पिरिटमध्ये लाल रंग उतरतो आणि शेजारच्या फिकट लाकडावर पसरतो. अशा ठिकाणी पहिले हात हलक्या फवाऱ्याने द्यावेत.

काउंटर किंवा जेवणाच्या टेबलासाठी मेलामाइन किंवा पीयू मजबूत पडते. मात्र त्यावर ओरखडा उठला तर दुरुस्ती अवघड जाते. तेलकट शिसवावर पीयू कधी कधी चिकट राहते, म्हणून आधी मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात द्यावा. साध्या चपड्यात मेण असते आणि त्यावर पीयू नीट धरत नाही. हेदूसारख्या उजळ लाकडाला पाण्यात मिसळणारे पारदर्शक लॅकर बरे, कारण ते तेलासारखे पिवळे पडत नाही.

पावसाळ्यात दमट हवेत लाखेचे पॉलिश किंवा लॅकर मारले तर पांढरी झाक येते. गिऱ्हाईक घाई करत असले तरी कोरड्या दिवसाची वाट पाहावी.

कारागीर बंधूंनी त्याच लाकडाच्या तुकड्यावर पॉलिश लावून, अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून तो काही आठवडे उन्हात ठेवावा. ऑर्डर घेतानाच हा तुकडा गिऱ्हाइकाला दाखवावा. एखादी ऑर्डर जाईलही, पण नंतरची तक्रार आणि पैशाचा वाद टळतो.

गेल्या खेपेला कपाट करायचे ठरले, तेव्हा त्याच मिस्त्रींनी असा तुकडा माझ्या हातात ठेवला. दोन्ही रंग पाहूनच मी बयाणा दिला. आज कपाट तपकिरी होत चालले आहे, पण मिस्त्रींबद्दल माझी काही तक्रार नाही.