न्यूयॉर्क महापौर निवडणूक, १९०५

न्यूयॉर्क महापौर निवडणूक, १९०५ : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नागरी राजकारणातील एक अत्यंत चुरशीची व वादग्रस्त निवडणूक. पाच विभाग एकत्र करून १८९८ मध्ये बृहन्न्यूयॉर्कची स्थापना झाली. त्यानंतर या शहरावर प्रभाव होता तो डेमॉक्रॅटिक पक्षाच्या ‘टॅमनी हॉल’ या स्थानिक संघटनेचा. नवागत स्थलांतरितांना नोकरी, कोळसा वा अडचणीच्या वेळी मदत मिळवून द्यावयाची आणि त्याच्या मोबदल्यात त्यांची मते बांधून घ्यावयाची, ही तिची कार्यपद्धती होती. १९०५ मध्ये तिची सूत्रे चार्ल्स मर्फी (१८५८–१९२४) याच्याकडे होती.

टॅमनीचा उमेदवार जॉर्ज मक्लेलन (१८६५–१९४०) हा यादवी युद्धातील त्याच नावाच्या सेनापतीचा पुत्र व विद्यमान महापौर होता. त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट (१८६३–१९५१) याने ‘म्युनिसिपल ओनरशिप लीग’ या नव्या पक्षातर्फे उमेदवारी स्वीकारली. गॅस, वीज व वाहतूक या सेवा खाजगी कंपन्यांच्या हाती असून त्यांचे दर अवाजवी आहेत. म्हणून त्या नगरपालिकेच्या मालकीच्या असाव्यात, ही त्याची प्रमुख मागणी होती. रिपब्लिकन पक्षाने चार्ल्स एव्हान्झ ह्यूझला उमेदवारी देऊ केली होती. त्याने ती नाकारल्यावर विल्यम आयव्हिन्झ उभा राहिला.

७ नोव्हेंबर १९०५ रोजी मतदान झाले. मक्लेलनला सु. २,२८,४००, हर्स्टला सु. २,२४,९०० व आयव्हिन्झला सु. १,३७,२०० मते पडली. सु. साडेतीन हजार मतांनी मक्लेलन विजयी झाला. मात्र त्याला चाळीस टक्क्यांहूनही कमी मते मिळाली होती. फेरमतदानाची तरतूद नसल्याने सर्वाधिक मते एवढ्यावरच निकाल ठरला आणि विरोधी मतांच्या विभागणीचा लाभ टॅमनीला झाला.

हर्स्टने निकाल मान्य केला नाही. मतदान केंद्रांवरील दांडगाई, एकाच व्यक्तीने अनेकदा मत देणे, मतपेट्या नदीत फेकणे असे आरोप त्याच्या समर्थकांनी केले. हा वाद न्यायालयात १९०८ पर्यंत चालला. फेरमोजणीत मक्लेलनचे मताधिक्य काहीसे घटले, तरी निर्णय त्याच्याच बाजूने लागला. तोवर चार वर्षांच्या मुदतीचा मोठा भाग सरला होता. न्याय मिळण्यास विलंब झाला, की निवडणूक-विवादाचा प्रत्यक्ष उपयोग किती मर्यादित राहतो, हे यावरून दिसून येते.

पुढील घटना काहीशा अनपेक्षित ठरल्या. ज्या मर्फीवर हर्स्टने कडाडून टीका केली होती, त्याच्याच पाठिंब्याने तो १९०६ मध्ये राज्यपालपदासाठी उभा राहिला व ह्यूझकडून पराभूत झाला. उलट, टॅमनीच्या बळावर निवडून आलेल्या मक्लेलनने दुसऱ्या कारकीर्दीत मर्फीशी संबंध तोडले. १९०९ मध्ये हर्स्ट पुन्हा महापौरपदासाठी उभा राहिला. तथापि विल्यम गेनरने त्याचा पराभव केला. महापौरपद त्याला कधीच मिळाले नाही. मात्र नागरी सेवांच्या मालकीचा प्रश्न त्याच्या प्रचारामुळे शहराच्या राजकारणात अग्रभागी आला.