जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आणि दंतवैद्यकांची जाणीव : मुरुडच्या संदर्भात

प्रस्तावना :
दंतवैद्यकाचा व्यवसाय कोणी करावा, हे दंतवैद्यक अधिनियम १९४८ ने ठरविले. त्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम २०२३ संमत झाला. दवाखान्यातील कचऱ्याचे नियमन मात्र पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ खालील नियमांनी होते. प्रस्तुत लेखात या नियमांविषयीची दंतवैद्यकांची जाणीव व दृष्टिकोन यांचा विचार रायगड जिल्ह्यातील मुरुडसारख्या लहान किनारी शहराच्या संदर्भात केला आहे.

सवलतीकडून बंधनाकडे :
१९९८ च्या नियमांनुसार महिन्याला १००० पेक्षा कमी रुग्ण तपासणाऱ्या दवाखान्यांना प्राधिकारपत्र घेण्यातून सूट होती. एका खुर्चीवर दिवसाला १५ रुग्ण तपासणारा दंतवैद्यक या सवलतीत सहज बसत असे. कचरा सुरक्षितपणे हाताळण्याचे कर्तव्य तेव्हाही होतेच. परंतु हा कायदा मोठ्या रुग्णालयांसाठी आहे, असा समज होण्यास या सवलतीमुळे वाव मिळाला. २८ मार्च २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनी ही रुग्णसंख्येची मर्यादा काढून टाकली. खाटा नसलेल्या दवाखान्यालाही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र आवश्यक ठरले. मात्र ते एकदाच घ्यावयाचे आहे.

जाणिवेचे दोन स्तर :
नियमाचे नाव ठाऊक असणे हा जाणिवेचा पहिला स्तर होय. तो नियम आपल्या खुर्चीशेजारच्या टोपलीला लागू आहे, हे उमगणे हा दुसरा. काढलेला दात व रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे व लाळ ओढणाऱ्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या अभेद्य डब्यात आणि भुलीच्या औषधाच्या काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या पेटीत, अशी ही विभागणी आहे. ती चुकल्यास इजा बहुधा दंतवैद्यकाला होत नाही. ती दवाखान्यातील मदतनीसाला किंवा नगरपरिषदेच्या सफाई कामगाराला होते. म्हणूनच कचरा हाताळणाऱ्यांना कावीळ-ब व धनुर्वात यांची लस देण्याची जबाबदारी नियमांनी दवाखान्यावर टाकली आहे.

मुरुडपुढील प्रश्न :
रक्ताने माखलेला कचरा ४८ तासांपेक्षा अधिक काळ साठवू नये, असा नियम आहे. अपरिहार्य कारणाने विलंब झाल्यास योग्य काळजी घेऊन प्राधिकाऱ्यास कारणांसह कळवावे लागते. दवाखान्यात दिवसाकाठी मूठभर कचरा आणि तो नेणारे वाहन दुरून येणारे, ही लहान गावाची अडचण खरी आहे. तथापि खड्ड्यात पुरण्याची मुभा केवळ सामायिक प्रक्रिया केंद्राची सोय नसलेल्या ग्रामीण वा दुर्गम भागात, तीही पूर्वपरवानगीने मिळते. समुद्रकाठच्या वाळूत पुरलेली सुई भरतीने पुन्हा वर येऊ शकते, हे ध्यानात घेतल्यास या अटीमागील हेतू स्पष्ट होतो.

निष्कर्ष :
जनविश्वास अधिनियम २०२३ ने पर्यावरण अधिनियमाच्या भंगासाठी असलेल्या तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतच्या आर्थिक दंडाची तरतूद केली. तुरुंगाचे भय ओसरल्यावर नियमपालन केवळ दंडाच्या हिशेबावर सोडावयाचे काय, हा खरा प्रश्न आहे. तालुक्यातील दवाखान्यांनी एकत्र येऊन कचरा उचलण्याचे वार ठरविणे व मदतनीसांना मराठीतून प्रशिक्षण देणे, हे दोन उपाय अल्प खर्चात शक्य आहेत. दंतवैद्यकाची कायदेविषयक जाणीव भिंतीवरील प्रमाणपत्रावरून नव्हे, तर सायंकाळी रिकाम्या होणाऱ्या टोपलीवरून मोजली जावी.