ऑर्गनचं 'कमिशनिंग'

मशीन नुसतं बनवून काम संपत नाही. ते जागेवर बसवायचं, लोडवर चालवून दाखवायचं आणि मगच मालकाच्या ताब्यात द्यायचं. याला आपण कमिशनिंग म्हणतो. टर्बाइन आणि जनरेटर यायच्या कितीतरी आधी हे सगळं एका खेड्यातल्या चर्चमध्ये झालं होतं!

जर्मनीत लाइपझिगजवळ श्टोर्मटाल नावाचं छोटं गाव आहे. १७२३ मध्ये तिथलं चर्च नव्याने बांधून झालं. गावच्या जहागीरदाराने त्यासाठी नवा पाइप ऑर्गन करून घेतला. काम मिळालं झखारियास हिल्डेब्रांट या कारागिराला. त्याचा गुरू झिल्बरमान तेव्हाचा नामवंत ऑर्गनकार. शिष्याने स्वतंत्र काम घेतल्यामुळे दोघांत वाद पेटला. त्यामुळे हा ऑर्गन उत्तम होणं हिल्डेब्रांटसाठी फार गरजेचं होतं.

ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातली पायपेटी आठवते. तिच्यात हवेने रीड थरथरतात. पाइप ऑर्गनमध्ये मात्र बहुतेक पाइप बासरीसारखे वाजतात, आणि एका पाइपला एकच सूर. आठ फुटी उघड्या पाइपची फ्रिक्वेन्सी हिशेबाने साधारण ७० हर्ट्झ येते, एंड करेक्शनमुळे प्रत्यक्षात थोडी कमी. टोक बंद केलं तर जवळजवळ अर्ध्या लांबीत तोच सूर मिळतो. बारावीच्या फिजिक्समधला 'क्लोज्ड पाइप' तो हाच! एकाच प्रकारच्या आवाजाच्या पाइपांच्या संचाला स्टॉप म्हणतात. श्टोर्मटालच्या ऑर्गनला असे १४ स्टॉप आहेत.

आता टेस्टिंग. ते करायला लाइपझिगहून जो 'एक्स्टर्नल' आला, त्याचं नाव योहान सेबास्टियन बाख! त्याची पद्धत त्याच्या मुलाने लिहून ठेवली आहे. बाख आधी सुंदर धून वगैरे वाजवत बसायचा नाही. सगळे स्टॉप एकदम ओढायचा आणि जितके जमतील तितके सूर एकत्र दाबायचा. या वाद्याची फुप्फुसं कशी आहेत ते आधी बघू, असं तो गमतीने म्हणायचा.

यात काय एवढं? सांगते. सगळे पाइप एकाच भात्याच्या हवेवर चालतात. हा दाब अगदी कमी असतो, साधारण ६० ते ९० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा. म्हणजे आपल्या फ्लुइड मेकॅनिक्स लॅबमधल्या यू-ट्यूब मॅनोमीटरनेही मोजता येईल. शेकडो पाइप एकदम उघडले की हवेची मागणी वाढते. भाता लहान किंवा हवेचा मार्ग अरुंद असेल तर दाब पडतो आणि सूर उतरतात, थरथरतात. सकाळी हॉस्टेलचे सगळे नळ एकदम सोडल्यावर वरच्या मजल्यावर काय होतं, ते आठवा! एकेक नळ तपासला तर सगळे पास. फुल लोडवरच खरं काय ते कळतं.

हिल्डेब्रांटचा ऑर्गन पास झाला. २ नोव्हेंबर १७२३ ला त्याचं उद्घाटन झालं आणि बाखने त्या दिवशी स्वतःचा कंटाटा सादर केला. पुढे १७४६ मध्ये नाउमबुर्गला हिल्डेब्रांटचाच मोठा ऑर्गन तपासायला बाखबरोबर आला होता खुद्द झिल्बरमान!

बाखच्या कडकपणाची ऑर्गनकारांना धास्ती असायची. पण काम चांगलं झालंय आणि कारागिराला पैसे कमी मिळालेत असं दिसलं, तर त्याला जास्त मोबदला मिळावा म्हणून तो स्वतः शब्द टाकायचा. मला वाटतं, खरी तपासणी हीच. चूक सोडायची नाही आणि कष्टही विसरायचे नाहीत.

श्टोर्मटालचा तो ऑर्गन दुरुस्त्या होत होत आजही त्याच चर्चमध्ये वाजतो. आपण बनवलेलं काही तीनशे वर्षं टिकेल का? निदान सबमिशनच्या आदल्या रात्री प्रोजेक्ट एकदा फुल लोडवर चालवून तरी बघूया!